फायलींची हजेरी

आनंदराव कापगत्यांनी सहाला चहाला बोलावलं आणि तुम्ही सहा वाजून सात मिनिटांनी पोहोचलात, तर चहा मिळतो, पण दार उघडतानाच "सात मिनिटं लेट" असं स्वागत होतं. हे मी अनुभवावरून सांगते. एकदा मी मुद्दाम पावणेसहाला जाऊन उभी राहिले. तेव्हा म्हणाले, "मॅडम, पंधरा मिनिटं बिफोर टाइम. याचा ओव्हरटाइम भेटत नाई." अशा माणसाशी मैत्री करायला डोकं थंड लागतं. माझं तसं नाही. शाळेत पोरं मला 'तिखट मॅडम' म्हणायची आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. तरी आमची मैत्री बारा वर्षं टिकली, त्याचं श्रेय मी कौशल्याबाईंच्या हातच्या वडाभाताला देते.

आनंदराव मूळचे साकोलीकडचे, धानाच्या शेतीतले. अठ्ठ्याहत्तर साली भिलाईला आले आणि स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात चिकटले ते रिटायर होईपर्यंत. छत्तीस वर्षं. कोणी कौतुकानं "छत्तीस वर्षं छत्तीसगढात काढली हो तुम्ही" म्हटलं, की ते लगेच दुरुस्ती करतात: पहिली बावीस मध्य प्रदेशात, राज्य नंतर झालं. काम एकच, हजेरी. हजारो माणसं गेटातून आत यायची, घड्याळाच्या मशीनमध्ये कार्ड घालून पंच मारायची, आणि आनंदराव त्या कार्डांवरून कोण वेळेवर, कोण लेट, कोण गैरहजर ते लावायचे. त्यांनी सख्ख्या साडूला तीन मिनिटांसाठी लेट लावलं होतं. साडू वर्षभर बोलला नाही. आनंदरावांचं म्हणणं, बरंच झालं, तो बोलण्यात वेळ फार घालवत असे.

कधी कधी एखादा माणूस कामावर येई, आठ तास घाम गाळी आणि पंच मारायचंच विसरून जाई. त्यासाठी अर्ज होता: 'माझा पंच मारायचा राहिला, मी ड्यूटीवर होतो, कृपया हजेरी लावावी.' सोबत साक्षीदाराची सही. बाकीचे बाबू असे अर्ज चहाच्या घोटासरशी मंजूर करायचे. आनंदराव मात्र अर्ज दोनदा वाचायचे, चष्मा वर करायचे आणि विचारायचे, "विसरला म्हंजे काय? माणूस विसरत नाई. लक्ष देत नाई." हे वाक्य त्यांनी इतक्यांना ऐकवलं होतं की त्यांच्या निरोप समारंभात एकानं ते त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं. सगळे हसले. आनंदरावांनी मान डोलावली, त्यांना ते कौतुक वाटलं.

टाइम ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीचे बाबू बदली मागू लागले. आनंदराव मात्र महिनाभराचं ट्रेनिंग घेऊन आले ते प्रेमात पडूनच. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं, आणि त्या पडद्यावर त्यांना जन्माचा जोडीदार सापडला. कोणतीही फाइल लिहिली, बदलली, की कॉम्प्युटर न सांगता तिच्या नावापुढे वेळ टिपून ठेवतो. तारीख, तास, मिनिट, सेकंद. वशिला नाही, साडू नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी घरी कॉम्प्युटर घेतला. त्यावर रंगीत चित्रं, फोटो, गाणी सगळं आहे, पण ते अजून काळा पडदाच उघडतात. त्यावर चालणारी एक हुकमांची यादी त्यांनी स्वतः लिहिली आहे. तिला ते स्क्रिप्ट म्हणतात आणि तिचं नाव ठेवलंय 'हजेरी'. नाव टाइप केलं की ती कॉम्प्युटरच्या कपाटातल्या एकेका फाइलला पुढे बोलावते आणि तिच्यावर शेवटचा हात कधी फिरला ते एका ओळीत छापते. रोज सकाळी आनंदराव ती यादी बघतात. मी एकदा विचारलं, "बदललेली कोण असणार? घरात कॉम्प्युटरला हात लावणारे तुम्ही एकटे." ते म्हणाले, "म्हणून का हजेरी घ्याची नाई?"

आता माझ्या त्रासाकडे येते. आमच्या इथल्या मराठी मंडळाला साठ वर्षं झाली, स्मरणिका काढायची ठरली, आणि शाळेत मराठी शिकवलं होतं या एका गुन्ह्यासाठी मला संपादक केलं. सगळ्यांकडून आठवणी मागवल्या. बहुतेकांनी दोन पानं दिली, तीही 'अविस्मरणीय' या शब्दानं सुरू होणारी. आनंदरावांनी मात्र 'टाइम ऑफिसातली छत्तीस वर्षं' लिहायला घेतली. रोज सकाळी तासभर लिहायचे, आणि दर रविवारी दहाला पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे यायचे. नऊ अठ्ठावन्नला ते माझ्या फाटकाबाहेर येऊन उभे असत आणि दहा वाजेपर्यंत आत येत नसत. शेजारच्या सिन्हा बाईंना वाटे, माझं त्यांच्याशी भांडण झालंय.

लिखाण मात्र चांगलं होतं, हे मला झक मारत कबूल करावं लागलं. तिसऱ्याच पानावर हिरालालची गोष्ट होती. कोक ओव्हनमधला हिरालाल, भट्टीपुढे उभं राहून काम करणारा. एक दिवस पंच मारायचा विसरला. अर्ज आणला, साक्षीदार आणला. आनंदरावांनी 'विसरलो हे कारण धरता येत नाही' असा शेरा मारून अर्ज परत केला आणि गैरहजर लावलं. हिरालालनं अर्जाची घडी केली, खिशात ठेवली आणि गेला. गोष्टीखाली आनंदरावांनी लिहिलं होतं: नियम म्हणजे नियम. मी वाचून चिडले होते, पण संपादकानं लेखकाच्या स्वभावाला हात लावू नये म्हणतात, म्हणून गप्प बसले.

मग एका रविवारी ते नऊ चाळीसलाच आले आणि फाटक उघडून सरळ आत आले. मी घाबरले. बारा वर्षांत असं झालं नव्हतं.

खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "मॅडम, मी लिहितो ते गायब होऊन राहिलं."

"म्हणजे?"

"सकाळी पॅरा लिहिला. पक्कं लिहिला. दुसऱ्या दिवशी पाहतो तं नाई. असं चारदा झालं." मग थोडा वेळ माझ्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. ते दोन मिनिटं पुढे आहे, पण त्या दिवशी ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. "तं मी लिहिलंच नसन, असं वाटते आता. लिहिलं असं फक्त वाटत असन. फकिराभाऊचं असंच सुरू झालतं."

फकिरा त्यांचा थोरला भाऊ, गावी शेती बघणारा. मी त्यांना एकदा पाहिलं होतं, शेवटच्या दिवसांत. आधी म्हैस दोनदा दोहायला जायचे. मग शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन आपलं शेत कोणतं ते विचारायचे. शेवटी शेवटी, ताट वाढणाऱ्या बायकोला अदबीनं विचारायचे, "बाई, तुमी कोणाकडच्या?" ती माउली हसून सांगायची, "पाटलाकडची." दर जेवणाला.

"मले मरायचं भेव नाई," आनंदराव म्हणाले. "कौशल्येले 'कोणाकडची' विचारीन, त्याचं भेव हाय."

भीती वाटली की मी रागावते. मी म्हणाले, "तुमच्याकडे ती हजेरीची स्क्रिप्ट आहे ना? मग रडत काय बसलात? फाइल कधी बदलली ते बघा. तुम्ही घरात नसताना बदलली असेल, तर तुम्ही नाही. सोपं आहे."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझीच शिकवण्याची वर्षं आठवली. ते रोज दुपारी दोनला मंडळाच्या वाचनालयात जातात आणि साडेतीनला परत येतात. वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये वेळेचा रकाना आहे. तो त्यांनीच भांडून पाडून घेतलाय, आणि तो भरणारे ते एकटेच आहेत. म्हणजे त्यांच्या गैरहजेरीचा पुरावा लेखी होता.

सोमवारी दुपारी तीन एकेचाळीसला माझा फोन वाजला. "मॅडम, दोन बावीस! फाइल दोन वाजून बावीस मिनिटाले बदलली. मी रजिस्टरमधी दोन वाजता सही केली हाय. मी नाई. मी नाई, मॅडम." परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा आवाज होता. संध्याकाळी त्यांनी कौशल्याबाईंच्या हाती डबाभर बेसनाची कुरकुरीत ठेठरी पाठवली. कशाबद्दल, हे त्या बाईंना ठाऊक नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

आता प्रश्न उरला, कोण. इथून पुढचा आठवडा आनंदरावांनी जो तपास केला, तो बघून पोलिसांनी नोकऱ्या सोडल्या असत्या. पहिला आरोपी कॉम्प्युटरचं घड्याळ. ते मोबाइलशी, टीव्हीच्या बातम्यांशी आणि प्लांटच्या भोंग्याशी ताडून बघितलं. निर्दोष. दुसरा आरोपी व्हायरस. मग वीज. मग खिडकीतून येणारी त्यांच्या शेजाऱ्यांची मांजर. मंगळवारी त्यांनी कळफलकावर टाल्कम पावडर भुरभुरली, बोटांचे ठसे मिळावेत म्हणून. परत येऊन बघतात तर कळफलक ओल्या फडक्यानं लख्ख पुसलेला, आणि कौशल्याबाई विचारतात, "हे पावडर कोणं सांडली व्हो इथं? आंघोळीच्या खोलीत लावत जा ना." त्यावरही या गृहस्थाच्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

मी म्हणाले, "आनंदराव, दुपारी दोन बावीसला तुमच्या घरात कोण असतं?"

"कोणी नाई."

"कौशल्याबाई?"

ते हसले. "तिले माऊस कुठून पकडतेत ते माहीत नाई, मॅडम." काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी पुढे बोलले नाही, कारण मला वाटलं, ही नवरा-बायकोतली काही गंमत असेल, आपण कशाला मध्ये पडा. मी चुकले होते.

पुढच्या रविवारी ते पंचनाम्याची सगळी तयारी करून आले. आठवडाभर रोज दुपारी घरातून निघताना त्यांनी फाइलची एक प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवून दिली होती. परत आल्यावर दुसरी. म्हणजे चोर यायच्या आधीची आणि चोर गेल्यानंतरची. दोन्हींतला फरक शोधून देणारा हुकूमही त्यांना ठाऊक होता. त्याची छापील यादी त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तुमी संपादक. साक्षीदार म्हणून सही करा. काय काय नासवलं ते वाचा."

मी वाचायला लागले. सोमवार: एक अख्खा पॅरा गायब. मंगळवार: 'आमचं लग्न एकोणऐंशी साली झालं' च्या जागी 'एक्क्याऐंशी साली'. गुरुवार: 'मुलगी रेणू साकोलीला गावी जन्मली' च्या जागी 'रेणू इथेच, भिलाईत जन्मली.' शुक्रवार: पुन्हा एक पॅरा गायब.

गुरुवारपाशी मी थांबले. रेणू माझी विद्यार्थिनी. आता चरोद्याला रेल्वे कॉलनीत असते. तिच्या वाढदिवसाला ती दरवर्षी वर्गात सांगायची, की ती झाली तेव्हा पपा ड्यूटीवर होते आणि प्लांटमधून तसेच दवाखान्यात आले, टोपीसकट. भिलाईतच जन्मली होती ती. चोरानं लिहिलं होतं तेच खरं होतं.

"वाचा ना," आनंदराव म्हणाले. "तो पॅरा पाहा कोणता हाय. दोनदा पळवला. हिरालालचा. लेकाचा हिरालालच्या मागंच लागला."

सोमवारी गायब झालेला पॅरा हिरालालच्या अर्जाचा होता. शुक्रवारी गायब झालेलाही तोच, दोन-चार शब्दांचा फरक. मी त्यांच्या फाइलचं तिसरं पान उघडलं. हिरालाल तिथे होता. पहिल्या आठवड्यापासून होता. तिथून त्याला कोणीही हलवलं नव्हतं; पुसली होती ती पुढे पुन्हा लिहिलेली तीच गोष्ट.

त्यांनी तिसरं पान वाचलं. मग यादीतला सोमवार वाचला. मग शुक्रवार. टाइम ऑफिसातल्या माणसाला दोन रकाने समोर आले की ताळा जुळवल्याशिवाय राहवत नाही. बोट ठेवून ठेवून त्यांनी सगळे ताळे जुळवले.

"लग्न एक्क्याऐंशीत झालं," ते अगदी हळू म्हणाले. "मे महिना. कावून लिहिलं असन मी एकोणऐंशी?"

मी फाइल बंद केली.

"जो येते तो बरोबर लिहून राहिला, मॅडम. चुकून मी राहिलो." त्यांनी यादीची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि निघाले. मी सही केली नव्हती, ती त्यांनी मागितलीही नाही. ते गेल्यावर मला माझ्या 'सोपं आहे' या शब्दांची लाज वाटली. स्क्रिप्ट चालवा म्हणून मीच सांगितलं होतं.

सोमवारी मला घरी बसवेना. दोन वाजून दहा मिनिटांनी मी सेक्टर सहामध्ये त्यांच्या दारात होते. दार नुसतं लोटलेलं होतं. आतल्या खोलीत कौशल्याबाई कॉम्प्युटरपुढे बसल्या होत्या. नाकावर चष्मा, मांडीवर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, डब्यात लग्नपत्रिका, रेणूचा जन्मदाखला, नोकरीचे कागद. एका बोटानं कळ शोधत होत्या, दाबत होत्या आणि दाबल्यावर डब्यातल्या कागदाशी ताडून बघत होत्या. आनंदराव त्यांच्या ऐन उमेदीत कार्ड तपासायचे तेव्हा असेच दिसत असतील.

मला बघून त्या दचकल्या नाहीत. म्हणाल्या, "या, सुशीलाताई. बसा. एवढी ओळ करतो अन् चाय ठेवतो."

"हे कुठे शिकलात?"

"दहा वर्ष त्याईच्या पाठीमांगं बसून भाजी निवडली. माणूस काय आंधळा असते?" त्यांनी निळ्या चित्रावर टिचकी मारून फाइल ठेवून दिली. "अन् भजनी मंडळाच्या ग्रुपवर लिहितोच ना मी."

मी विचारलं, कधीपासून. त्या म्हणाल्या, पोळ्यापासून. आधी गॅसचा नंबर दोनदा लावला. मग रेणूला एकाच सकाळी तीनदा फोन केला, तीच गोष्ट सांगायला. मग हे लिखाण सुरू झालं, तेव्हा एक दिवस त्यांनी सहज वाचून बघितलं.

"मग त्यांना सांगायचं ना. लपूनछपून कशाला?" माझा आवाज चढला. "ते बिचारे स्वतःला वेडे समजायला लागले होते. मांजरीवर संशय घेतला त्यांनी."

"माहीत हाय. पावडर मीच पुसली." त्या हसल्या आणि मग हसू तसंच अर्धवट राहिलं. "ताई, छत्तीस वर्ष त्याईनं लोकाईच्या चुका काढल्या. बरोबर काढल्या का जास्त काढल्या, ते देव जाणे. पण आता त्याईची चूक पुस्तकात छापून आली, अन् कोणं हासून म्हटलं, 'पाहा, टाइम ऑफिसवाला विसरला', तं ते मले सहन नाई होणार. तुमच्या हाती जाच्या आंधी मी नीट करून ठेवतो. बस, एवढंच."

"आणि डॉक्टर?"

"जाऊ. पण तोंडानं त्याईनं सांगितलं पाहिजे. मी हात धरून नेलं, तं फकिराभाऊजीले नेलं होतं तसं वाटन त्याईले. मी वाट पाहून राहिली."

चहा घेऊन मी निघाले. खिडकीबाहेर शेवग्याच्या झाडाखाली काहीतरी हललं, मला वाटलं, शेजाऱ्यांची मांजर.

पुढच्या रविवारी दहा वाजले, फाटकाबाहेर कोणी नव्हतं. दहा वाजून चार मिनिटांनी आनंदराव आले. मी बारा वर्षं या क्षणाची वाट बघत होते. मी म्हणाले, "चार मिनिटं लेट."

"व्हय. लिहून घ्या," ते म्हणाले. पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला आणि चहा न घेता गेले. घरी वडाभात आहे म्हणाले.

मी फाइल उघडली. तिसऱ्या पानावर हिरालालची गोष्ट तशीच होती, फक्त शेवटचं 'नियम म्हणजे नियम' काढलेलं होतं. त्याखाली नवा मजकूर होता.

'प्रति, सौ. कौशल्याबाई, टाइम ऑफिस, दुपार पाळी. विषय: पंच मारायचा राहिल्याबाबत. सोमवारी दुपारी मी वाचनालयात नव्हतो. खिडकीमागे शेवग्याखाली होतो. सगळं ऐकलं. गेल्या काही महिन्यांपासून माझे पंच राहून जात आहेत. मी ड्यूटीवर असतो, पण नोंद होत नाही. पुढे जास्त राहतील असं वाटतं. मला फार भीती वाटते. विसरलो, हे कारण धरता येत असेल तर कृपया हजेरी लावावी. साक्षीदार कोणी नाही. आपला, आनंदराव कापगते.'

त्याखाली, एका बोटानं लिहिलेलं, कुठे टिंब आहे कुठे नाही असं उत्तर:

'मंजूर आहे. साक्षीदार मी आहे. हिरालालची पण लावून टाका. डॉक्टरचा नंबर बुधवारी साडेनऊचा लावला आहे लेट नाही झालं पाहिजे'

मी माझ्या टेबलाशी बसून रडले, हे इथे लिहून टाकते. तिखट मॅडम वगैरे सगळं ठीक आहे. तो मजकूर मी स्मरणिकेत घेतला नाही. हिरालालच्या गोष्टीखाली फक्त एक ओळ जास्त छापली, आनंदरावांनी नंतर सांगितलेली: 'हिरालाल त्या दिवशी हजर होता.'

बुधवारी ते दोघं नऊ वाजून पाच मिनिटांनीच दवाखान्यात पोहोचले आणि साडेनऊपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले. डॉक्टर म्हणाले, विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे, गोळ्यांनी सावकाश वाढेल. सावकाश म्हणजे किती, हे आनंदरावांनी तीनदा विचारलं. डॉक्टरांनी आकडा दिला नाही, त्याचा त्यांना अजून राग आहे.

आता ते लिहिताना आठवलं नाही तिथे जागा मोकळी सोडतात. दोनला वाचनालयात जातात, रजिस्टरमध्ये वेळ घालतात, साडेतीनला परत येतात. चप्पल काढायच्या आधी काळा पडदा उघडून 'हजेरी' चालवतात. परवा मी तिथेच होते. यादी खाली सरकत आली, फाइलचं नाव आलं, पुढे वेळ होती दोन बावीस. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि स्वयंपाकघरातून भांड्यांचे आवाज येत असताना मला म्हणाले, "आलती."